धानाच्या बांधीतली सांडणी

कुंताबाईला मोहटोल्यात तोंडावर सगळे कुंताबाईच म्हणत, पण पाठीमागे तिचं नाव होतं काहूनबाई. चाळिशी उलटली, दोन्ही पोरी नांदायला गेल्या, तरी तिचं 'काहून' काही सुटलं नव्हतं. मोहाची फुलं पहाटेच काहून गळतात, तलावातला पाणकोंबडा बुडी मारून भलतीकडेच काहून निघतो, असलं काहीबाही ती विचारत राही. नवरा टिकाराम कमी बोलणारा. तो हसायचा आणि विडी शिलगावून गोठ्याकडे जायचा.

मोहटोला साकोलीच्या हमरस्त्यापासून आत, एका मोठ्या तलावाच्या पाळीखाली वसलेला. पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, बांध्यांपलीकडे जंगल. सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात, धान कापून झालं आणि बांध्यांत लाखोळीचं कडधान्य हिरवं झालं, तेव्हा काठेवाडी आले. कच्छाकडच्या मेंढपाळांना गाव काठेवाडीच म्हणे. मेंढरं घेऊन ते अधूनमधून साकोलीच्या अंगानं जात, पण मोहटोल्यात कधी उतरत नसत. त्या वर्षी उतरले, कारण त्यांच्या कच्छात ओळीनं पाऊस हुकला होता आणि नेहमीच्या वाटांवरचा चारा आधी आलेल्या कळपांनी संपवला होता. टिकारामनं खतासाठी आपल्या पडीत बांधीत मेंढरं बसवून घेतली. कळपाचा धनी वेरसी, त्याची बायको जीवी, आणि सामान वाहायला एक तांबूस सांडणी. तिचं नाव राती. त्यांच्या बोलीत राती म्हणजे लाल.

गावानं उंट पाहिला नव्हता असं नाही. साकोलीच्या बाजारात एकदा कोणी पोरं बसवायला आणला होता. पण घराशेजारी बांधलेला, रवंथ करणारा, रात्री गुरगुरणारा उंट कोणाच्या पाहण्यात नव्हता. पहिल्या दिवशी सगळं गाव येऊन बघून गेलं. दुसऱ्या दिवशी निम्मं आलं. चौथ्या दिवशी कोणी आलं नाही, एकटी कुंताबाई आली. म्हशीचं दूध काढून झालं की ती लोटा घेऊन तशीच बांधीवर जायची आणि धुऱ्याच्या बांधावर बसून रातीकडे बघत राहायची.

तिला पहिल्यांदा नवल वाटलं ते शेणाचं. शेण नव्हतंच ते, सुपारीसारखे कडक गोळे. आदल्या दिवशीचे गोळे जीवी दुसऱ्या सकाळी सरळ चुलीत घालायची आणि ते धडधडा पेटायचे. कुंताबाईच्या म्हशीचं शेण थापून, पलटून, उन्हात आठवडाभर ठेवल्याशिवाय गोवरी होत नसे. या जनावराच्या पोटातून पाणी बाहेर पडतच नाही की काय, हा विचार तिच्या मनात तिथूनच शिरला.

मग तिनं तोंड पाहिलं. वरचा ओठ मधोमध चिरलेला, आणि त्या दोन फाळक्या बोटांसारख्या हलायच्या. बाभळीच्या बोटभर काट्यांमधून राती नेमका पाला टिपायची, आणि कधी काट्यासकट चावून गिळायची. खळ्यावर उशिराचं धान उडवत होते तेव्हा कुंताबाईनं आणखी एक पाहिलं. कोंड्याचा लोट वाऱ्यानं रातीच्या अंगावर आला. बैल फुरफुरले, माणसांनी पदर, दुपट्टे तोंडाला लावले. रातीनं नुसत्या नाकपुड्या मिटल्या, दारं लावावीत तशा. डोळ्यांच्या पापण्यांना केसांच्या दोन-दोन ओळी, कोंडा त्यात अडकून बाहेरच राहिला. लोट सरला तशा नाकपुड्या उघडल्या आणि रवंथ पुढे चालू झाला.

जीवीशी बोलणं व्हायला थोडा वेळ लागला. ती काळ्या लोकरीची जाड ओढणी घेई, हाताला कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि बोलणं हिंदी, गुजराती आणि मुलखात फिरून उचललेल्या मराठीची भेळ. कुंताबाईनं एक दिवस तिच्यासाठी पोह्याची पुरचुंडी नेली, जीवीनं सांडणीच्या दुधाचा चहा पाजला. दूध किंचित खारट लागलं. तेवढ्यावर दोघींचं जमलं.

गावात एव्हाना एकच वाद चालू होता, की उंटाच्या मदारीत काय असतं. पारावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत होतं की पाणी. टिकारामचा चुलतभाऊ परसराम तर ठासून सांगायचा, की वाळवंटात माणूस तहानेनं मरायला टेकला की उंटाची मदार फोडून पाणी पितो. कुंताबाईलाही ते खरं वाटे, पण एक गोष्ट तिला खटकत होती. रातीची मदार ताठ नव्हती, रिकाम्या पोत्यासारखी एका अंगाला कलली होती. पाणी संपलं म्हणावं तर शेजारी तलाव डबडबलेला, आणि ही त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती. आल्यापासून ती तलावावर गेलेली कोणी पाहिली नव्हती.

शेवटी तिनं जीवीलाच विचारलं. जीवी आधी हसली. मग म्हणाली, "पानी नाय, बेन. चरबी हाय. दो साल घास नाय मिला, तो हिनं आपली चरबी खाल्ली. खाली हो गयी, तो गिर गयी."

"मंग पाणी कोठी ठेवते ही?"

यावर जीवीनं खांदे उडवले. उंट आहे, असाच असतो, एवढंच तिला ठाऊक होतं. जन्मल्यापासून ती उंटांत वाढली होती. पायाखालच्या जमिनीला कोणी तू अशी का म्हणून विचारत नाही.

पण हिरवा पाला, लाखोळीचे सांडलेले वेल, दवानं ओलं गवत, यांतूनच रातीला लागेल तेवढं पाणी मिळत असावं, हे कुंताबाईनं हळूहळू हेरलं. आणि जे मिळे ते ती सोडत नव्हती.

माघात एका दुपारी आभाळ आलं आणि अवकाळी झड लागली. वेरसी हवेचा रंग ओळखून आदल्या दिवशीच मेंढरं घेऊन जंगलाकडच्या उंच माळावर गेला होता, कारण ओल्यात मेंढरांचे खूर सडतात. बांधीत जीवी एकटी, सामान आणि सांडणी. कुंताबाईनं गोठ्याच्या दारातून पाहिलं, जीवी गोधड्यांवर आपली ओढणी पसरून पावसात उभी होती. तिला राहवलं नाही. तिनं हाक मारली, सामान घेऊन गोठ्यात ये, आणि हातानं जवळची वाट दाखवली, सरळ बांधीतून.

म्हशी त्याच वाटेनं रोज जात. तिला त्यात वावगं वाटलं नाही.

जीवीनं सामान आणि खाट रातीच्या पाठीवर बांधली आणि ती तिला घेऊन निघाली. दोन बांध्या पार झाल्या. तिसरी बांधी कन्हारीची, चिकण मातीची, त्यात पाणी साचू लागलेलं. तिथे रातीचा मागचा एक पाय घसरला, तो सावरायला तिनं दुसरा टाकला, तोही घसरला, आणि दोन्ही पाय दोन दिशांना पसरत गेले. पाठीवरच्या खाटेसकट ती खाली आली. तिनं जो आवाज काढला तो कुंताबाईनं आधी ऐकला नव्हता. म्हैस रेडकू मेल्यावर ओरडते, त्याच्या जवळपासचा होता तो.

कुंताबाई धावली. तिच्यामागे टिकाराम, मग चार घरची माणसं. जीवीनं विळ्यानं दोऱ्या कापून ओझं खाली टाकलं होतं आणि रातीचं डोकं मांडीवर घेऊन ती चिखलात बसली होती. राती उठू बघे, आणि जितकी उठू बघे तितके मागचे पाय आणखी फाकत.

परसराम दोर आणि बैलजोडी घेऊन आला. आपल्या लाखोळीत एक-दोनदा मेंढरं शिरल्यामुळे तो काठेवाड्यांवर चिडून होता, पण फसलेलं जनावर बघून हात बांधून उभा राहणारा माणूस नव्हता. गाळात रुतलेली गुरं अशीच काढायची असतात. त्यानं दोराचा फास केला आणि रातीच्या मानेकडे निघाला. जीवी एकदम त्या मानेवर आडवी पडली.

"इचं काय चाललं? सरक म्हनावं," परसराम म्हणाला.

"थांबा भाऊजी," कुंताबाई म्हणाली. मग ती जीवीजवळ चिखलात बसली आणि तिनं विचारलं, "काहून नोको म्हनतेस? मले समजावून सांग."

 मान ओढली तर मान तुटेल, जीवी म्हणाली. पुढे ओढलं तर मागचे पाय फाटतील. उंट मागून उठतो. आधी मागचे पाय, मग पुढचे. मागच्या पायांना जमीन द्या, ती आपली आपण उठेल. पण इथे जमीनच नाही.

कुंताबाईनं रातीच्या मागच्या पायाखाली हात घातला. तिला खूर लागेल असं वाटलं होतं. खूर नव्हताच. भाकरीएवढी रुंद, मऊ, आत काहीतरी भरल्यासारखी गादी होती, आणि पुढे नुसती दोन नखं. म्हशीचा खूर कडेनं धारदार असतो. चिखलात शिरताना तो फाकतो, निघताना मिटतो, म्हणून म्हैस गाळात चालते. इथे धरायला काहीच नव्हतं. ओल्या फरशीवर उशी सरकावी तसा हा पाय कन्हारीवर सरकत होता.

"तुमच्याकडं अशी माती नसते का वो?"

"रेती," जीवी म्हणाली. "सब रेती. रेती में उसका पाँव डूबता नाय."

कुंताबाई उठून उभी राहिली आणि तिनं परसरामाकडे पाहिलं. परसरामाच्या दारात चुलबंद नदीतून आणलेल्या रेतीचा ढीग होता. उन्हाळ्यात तो नवी खोली बांधणार होता.

परसरामाच्या लक्षात यायला क्षणभर लागला. तो म्हणाला, "माही रेती इथं चिखलात टाकू म्हनतेस?" आणि मग खरी अडचण त्यानंच बोलून दाखवली. रेती आपण पुन्हा आणू, पण बांधी टिकारामची आहे. रेती पडलेली बांधी पाणी धरत नाही. पुढच्या वर्षी इथे धान उभं राहायचं नाही.

हे खरं होतं. ही बांधी टिकारामची सगळ्यात चांगली बांधी होती, तलावाच्या पाळीला लागून, कधी न आटणारी. सगळे टिकारामाकडे बघू लागले. टिकारामनं विडी पेटवायचा प्रयत्न केला, पावसात ती पेटली नाही. त्यानं ती फेकली, परसरामाच्या हातातली बैलजोडी आपल्या हातात घेतली आणि बैलबंडी जुंपायला गेला.  कुंताबाई पुढे कितीतरी वर्षं ती गोष्ट सांगताना म्हणायची, की नवरा बोलत नाही याचा तिला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला.

रेतीची पहिली बंडी येईपर्यंत जीवीनं आपली काळी ओढणी पिळली आणि रातीच्या मागच्या दोन्ही पायांना गुडघ्यांच्या वर, मध्ये हातभर अंतर ठेवून बांधली, म्हणजे पाय पुन्हा फाकू नयेत. चौघांनी खांदे लावून एकेक पाय आत ढकलला. राती सगळा वेळ छातीवर टेकून होती. छातीच्या मधोमध तिला ताटलीएवढी कडक, चामड्यासारखी गादी होती. तशाच लहान गाद्या गुडघ्यांना. अंगाचा सगळा भार त्या गादीवर देऊन ती थंड चिखलात थरथरत बसली होती. कुंताबाईला वाटलं, हे तर बसायचे पाट जन्मतःच अंगाला शिवून घेतलेले.

आधी तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, भारे अंथरले, त्यावर रेती ओतली. रेती तणसावर टिकली. मागच्या पायांखाली हातानं लोटून भरली आणि पुढे धुऱ्यापर्यंत पट्टा केला. मग जीवीनं सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि रातीच्या कानाशी जाऊन जिभेनं एक आवाज काढला.

रातीनं मागचे पाय ओढून घेतले. पायाच्या गाद्या रेतीवर पसरल्या, आणि थांबल्या. तिचा मागचा भाग वर आला, पुढून ती अजून गुडघ्यांवर, नमस्कार घातल्यासारखी. मग एक गुडघा, मग दुसरा. उभी राहिल्यावर ती सगळ्यांपेक्षा इतकी उंच झाली की बायका मागे सरल्या. ओढणीनं बांधलेल्या पायांनी छोटी छोटी पावलं टाकत ती रेतीवरून धुऱ्यावर चढली. परसराम तिच्या बाजूनं चालत होता, हात पुढे धरून, जणू पडलीच तर झेलणार होता.

दुसऱ्या दिवशी साकोलीहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधीच सांगून टाकलं की उंटावर त्यांनी कधी उपचार केलेला नाही, कॉलेजात थोडंफार शिकले तेवढंच. पण हात त्यांचा चांगला होता. हाड मोडलं नाही, मांडीच्या आतला स्नायू ओढला गेला आहे, महिनाभर चालवू नका, असं त्यांनी सांगितलं. कुंताबाईनं त्यांना चहा दिला आणि सोडलं नाही. मदारीत चरबीच असते, हे त्यांनीही सांगितलं. चरबी सगळ्या अंगावर पसरली असती तर उन्हात जनावर उकडून निघालं असतं, म्हणून ती पाठीवर एका जागी गोळा झालेली. आणि नाकाचंही त्यांनी सांगितलं. श्वास बाहेर जाताना त्यातली ओल नाकाच्या आतच धरली जाते आणि परत अंगात जाते. कुंताबाईनं थंडीत म्हशीच्या नाकातून निघणारी वाफ रोज पाहिली होती. दुसऱ्या पहाटे ती रातीच्या नाकासमोर तळहात धरून उभी राहिली. मग म्हशीच्या. म्हशीच्या श्वासानं हात ओला झाला. रातीच्या श्वासानं नाही.

वेरसीला मेंढरं घेऊन पुढे जाणं भाग होतं. एवढा कळप एका जागी किती दिवस चारणार. तो गेला, आणि जीवी रातीला घेऊन टिकारामच्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली राहिली. फाल्गुन लागला, ऊन चढलं. म्हशी दुपारी सावलीसाठी एकमेकींना ढकलत. रातीला सावली होती, पण ती उन्हातच बसायची, तोंड सूर्याकडे करून. सूर्य सरकला की तीही सरकून बसे. कुंताबाईला वाटलं ही वेडी आहे. मग एका दुपारी ती तिच्या बाजूला जाऊन बसली, तेव्हा दिसलं की तोंड उन्हाकडे केल्यावर रातीच्या अंगावर ऊन फारच थोडं पडतं. आडवी बसली असती तर सगळी कूस भाजली असती. पाठीवरच्या केसांना हात लावला तर चटका बसला. तोच हात केसांच्या आत, कातड्यापर्यंत घातला तर आत नुसतं कोमट. सकाळी मात्र तीच राती हाताला गार लागे. जीवी म्हणाली की रखरखत्या उन्हाळ्यात तिकडे पाणी नसतं तेव्हा हे आणखी होतं, दिवसभर उंट तापू देतो, घाम येऊ देत नाही, आणि रात्री ती ऊब सोडून देतो.

हिरवा पाला आता संपला होता. राती बाभळीच्या वाळल्या शेंगा खात होती. कुंताबाई रोज सकाळी तिच्यापुढे बादली ठेवायची. राती हुंगायची आणि मान फिरवायची. असं दिवसांमागून दिवस गेले. कुंताबाईच्या जिवाला घोर लागला. जीवी म्हणायची, राहू दे, तिला कळतं.

आणि मग एका सकाळी रातीनं बादलीत तोंड घातलं. बादली बघता बघता रिकामी झाली. कुंताबाईनं दुसरी आणली, तीही गेली. टिकारामनं आंघोळीचा हंडा ओढून आणला. दोघं नवराबायको विहिरीवरून पाणी आणत राहिले, शेजारीपाजारी जमले, परसरामही घागर घेऊन आला. रातीचं तोंड काही वर येईना. गळ्यावरून पाण्याचे घोट एकामागून एक खाली उतरताना दिसत होते. कुंताबाईचं लक्ष मदारीकडे नव्हतं, कुशींकडे होतं. आत गेलेल्या कुशी हळूहळू भरत, गोल होत गेल्या. बरगड्या दिसेनाशा झाल्या. एवढं पाणी एका दमात पिऊन दुसरं जनावर फुगून मेलं असतं. रातीनं तोंड वर केलं, चिरलेल्या ओठांवरचे थेंबसुद्धा चाटून घेतले आणि बसून रवंथ करू लागली. परसरामनं घागर खाली ठेवली आणि तो पारावर हे सांगायला गेला.

चैत्राच्या आधी राती नीट चालू लागली. वेरसी न्यायला आला. निघायच्या आदल्या संध्याकाळी जीवी आणि कुंताबाई तलावाच्या पाळीवर बसल्या होत्या. समोर गावच्या म्हशी पाण्यात बसलेल्या, नुसती नाकं आणि शिंगं वर. जीवीनं त्यांच्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "बेन, एक बात पूछूँ? ही तुमची म्हैस सारा दिन पाण्यात काहून बसते?"

कुंताबाईनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला सांगता येत नाही. म्हैस पाण्यात बसते. लहानपणापासून ती म्हशी तलावावर हाकत आली होती. हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

"मालूम नाही वो," ती म्हणाली. जीवी हसली, ती पण हसली.

काठेवाडी गेले त्याच दुपारी कुंताबाई साडी गुडघ्यांपर्यंत खोचून तलावात उतरली. आपल्या म्हशीच्या पाठीचा जो भाग पाण्याबाहेर होता त्यावर तिनं हात ठेवला. काळं, विरळ केसांचं कातडं तव्यासारखं तापलं होतं. पाण्याखालच्या कातड्याला हात लावला तर ते गार. घामाचा थेंब कुठे नव्हता. म्हशीनं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, फुरफुरून नाकातलं पाणी उडवलं आणि पाठ पुन्हा पाण्याखाली घेतली. कुंताबाई कमरेएवढ्या पाण्यात तशीच उभी राहिली. पाळीवरून टिकारामनं हाक मारली, तिथं काय करून राहिली म्हणून. तिनं हातानंच त्याला थांब म्हटलं आणि म्हशीच्या कानामागे बोट लावून पाहिलं, तिथंही घाम आहे का ते.